‘आपलं बरं चाललंय ना?’ म्हणणाऱ्या साहेबांपुढे काय मांडायचं?

पत्राचा सारांश: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवणारा, सव्वाशे-दीडशे माणसांचा कारखाना. पत्र लिहिणारे तिथे चार वर्षं प्रोसेस इंजिनिअर आहेत, वय ३१. २५० टनी प्रेसवर दिवसातून तीनदा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलावी लागते आणि दर वेळी दोन तास जातात. हे काम चाळीस मिनिटांवर आणता येईल असं त्यांचं म्हणणं. झटपट बसणारे क्लॅम्प, डायसाठी ट्रॉल्या आणि नोंदीसाठी प्रत्येक प्रेसजवळ टॅब्लेट, असा १४ लाखांचा प्रस्ताव त्यांनी तयार केला. मोठ्या साहेबांनी ३२ स्लाइडपैकी पाच पाहिल्या, मध्येच फोन घेतला आणि म्हणाले, “बघू. आपलं बरं चाललंय ना?” प्रॉडक्शन मॅनेजर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मीटिंगमध्ये गप्प बसले, बाहेर आल्यावर म्हणाले, “मागे ईआरपी आणलं होतं, त्याचं काय झालं ठाऊक आहे ना?” (ईआरपी म्हणजे कारखान्याच्या सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर.) धाकट्या साहेबांना कल्पना आवडते, पण वडिलांपुढे ते बोलत नाहीत. पुण्याजवळच्या चाकणहून एक ऑफर आहे, पगार तीस टक्के जास्त, पंधरा दिवसांत कळवायचंय. पत्नीची नोकरी नाशकात, आईवडील सिडकोत. त्यांचा प्रश्न: “मॅनेजमेंटला बदल नकोच असतो का? इथं डोकं आपटत बसू की निघू?”

नमस्कार.

तुमचा राग रास्त आहे. शॉपवर उभं राहून, घड्याळ लावून काढलेलं गणित कुणी फोनवर बोलत-बोलत ऐकलं तर कुणाचंही डोकं फिरेल. पण “मॅनेजमेंटला बदल नकोच असतो” हे मात्र मी तसंच्या तसं मान्य करणार नाही, कारण त्याच्या उलटचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. वेल्डिंगला दोन रोबो आल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. एप्रिल २०२० मध्ये देश बीएस-४ वरून मधली पायरी गाळून थेट बीएस-६ वर (गाड्यांच्या धुराच्या कडक नियमांवर) गेला, त्या वेळी तुमच्याकडे बऱ्याच डाय नव्याने कराव्या लागल्या, हेही तुम्ही जुन्या लोकांकडून ऐकलेलं आहे. म्हणजे याच साहेबांनी पैसे घातले, याच मामांनी रात्री जागून ट्रायल काढल्या, सॅम्पल पास करून घेतले. तेव्हा कुणी “बघू” म्हणालं नाही.

त्या बदलांमागे गिऱ्हाईक उभं होतं. ड्रॉइंग तिकडून आलं, मुदत तिकडून आली, ऑर्डरही तिकडूनच. नाही म्हणण्याची किंमत लगेच मोजावी लागली असती. तुमच्या प्रस्तावाला नाही म्हटलं तर उद्या सकाळी काहीच बिघडत नाही. गाडी भरते, चलन फाटतं, ट्रक गरवारे पॉइंटवरून हायवेला लागतो. म्हणून तुमच्यापुढचा प्रश्न “यांना बदल का नको” हा नाही. ज्या बदलासाठी बाहेरून कुणी मानगुटीवर बसलेलं नाही, तो इथं का अडतो, हा आहे.

माझी उमेदीची वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कॉस्टिंग करण्यात गेली. त्यामुळे कुणी नाही म्हटलं, की हे कुणाच्या खात्यावर पडतंय ते आधी बघायची मला सवय आहे. तुमच्या प्रस्तावाची तीन खाती आहेत आणि तिन्हींत वेगवेगळा जमाखर्च आहे.

मोठ्या साहेबांचं खातं आधी घेऊ. १४ लाख आज जाणार, फायदा वर्षभर थेंबथेंब येणार. पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. एप्रिल २०२४ पासून तर सूक्ष्म आणि लघू उद्योगांचं बिल वेळेत न देणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. पण आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवायची छाती किती जणांची असते? साठ-नव्वद दिवस थांबायचं, तोवर पत्र्याचे पैसे मात्र रोख मोजायचे. मधली खिंड बँकेची सीसी लिमिट (गरजेप्रमाणे उचलायचं कर्ज) लढवते आणि त्या लिमिटला बहुतेक वेळा मालकाची जागा किंवा घर तारण असतं. तुम्ही ‘कंपनीचे १४ लाख’ म्हणता. त्यांच्या कानाला ते ‘माझे १४ लाख’ असेच ऐकू येतात, आणि तसे ऐकू येणं चूक नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी साहेब तुम्हाला मीटिंगमध्ये कधीच सांगणार नाहीत. गाड्यांच्या धंद्यात मोठं गिऱ्हाईक वरचेवर भाव कमी करून मागतं. त्यांचे खरेदीवाले कॉस्ट शीट उघडून बसतात: पत्रा इतका, स्क्रॅप इतकं, प्रेसचा ताशी दर इतका, सेटिंगचा वेळ इतका. दोन तासांचं सेटिंग चाळीस मिनिटांवर आलं आणि टॅब्लेटमध्ये तारीखवार नोंदलं गेलं, तर पुढच्या वाटाघाटीत ती बचत मागायला गिऱ्हाईक मोकळं. मामांच्या अक्षरातलं रजिस्टर कुणी मागत नाही आणि मागितलं तरी वाचता येत नाही! मी लपवाछपवीचं समर्थन करत नाही. पण बचत आपण करायची आणि लोणी दुसऱ्याने खायचं, हा अनुभव ज्याने घेतलाय त्याला ‘पारदर्शक डेटा’ या शब्दांनी आनंद होत नाही. तुमच्या ३२ स्लाइडांत हे शब्द किती वेळा आलेत, एकदा मोजून बघा.

आता मामा. तुम्ही त्यांच्याबद्दल जरा कडवट लिहिलंय, “यांना नवीन काही शिकायचंच नाही.” मला ते तसे वाटत नाहीत. त्यांचा महिना डिस्पॅचवर मोजला जातो. शेड्यूल चुकलं आणि गिऱ्हाइकाची लाइन थांबली तर डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) येते आणि सगळ्यांसमोर बोलणी मामांना बसतात. एक तास वाचवला म्हणून त्यांच्या पाठीवर कुणी हात ठेवलाय का? ज्या माणसाला चुकल्याबद्दल शिक्षा आहे आणि सुधारल्याबद्दल काहीच नाही, त्याने रोजची वहिवाट सोडू नये हेच शहाणपणाचं. शिवाय पद्धत बदलली की गिऱ्हाइकाला कळवा, कंट्रोल प्लॅन बदला, ‘फोर एम चेंज’चे (माणूस, यंत्र, माल, पद्धत यांतल्या बदलाचे) कागद भरा, ऑडिटरने विचारलं की उत्तर द्या, हे सगळं त्यांच्याच टेबलावर येतं. तुमच्या प्रस्तावात या कामाची एक ओळही नव्हती.

आणखी एक नाजूक बाब आहे. कुठली डाय कुठल्या प्रेसवर किती पॅकिंग घालून बसते, कुठल्या कॉइलला (पत्र्याच्या गुंडाळीला) बर, म्हणजे कडेची खरखर, जास्त येते, हे मामांच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. त्या माहितीमुळेच रात्री अकराला त्यांना फोन येतो. फोनमुळे ते वैतागतात आणि त्याच फोनमुळे त्यांचा शब्द चालतो. तुमचा टॅब्लेट ती माहिती त्यांच्याकडून काढून घेणार. बदल्यात त्यांना काय देणार, याचा विचार तुम्ही केलेला नाही.

तिसरं खातं ईआरपीचं. तुम्ही ते ‘जुनं रडगाणं’ म्हणून सोडून दिलंय. मी सोडलं नसतं. विकणाऱ्याने काय कबूल केलं होतं, नोंदी कुणी करायच्या होत्या, कोणत्या महिन्यात आणि का बंद पडलं, हे मामांकडे बसून विचारा. माझा अंदाज सांगते: स्टोअर्सला आधीच्या रजिस्टरखेरीज ईआरपीतही भरायला लागलं असेल, म्हणजे तेच काम दोनदा, आणि मार्चअखेरच्या धावपळीत दोघांतलं एक सुटलं. असं घडलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. ज्या घरात एक लग्न मोडलंय तिथं दुसरं स्थळ घेऊन जाताना पहिलं का मोडलं हे आधी विचारायला हवं. तुम्ही थेट मुहूर्त काढून गेलात.

म्हणून साहेब शहाणे आणि तुम्ही उतावळे, असा निकाल मी देत नाही. “बरं चाललंय” हे वाक्य धंदा सगळ्यात जोरात असतो तेव्हाच सगळ्यात जास्त फसवतं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं करायला घेतली. पुढे चावीचं एचएमटी म्हणजे देशाचं घड्याळ झालं, निरोप समारंभात आणि लग्नात तेच दिलं जायचं. १९८४ मध्ये टायटन उभी राहिली आणि तिने बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांवर सारा जोर लावला. एचएमटीला क्वार्ट्झ माहीत नव्हतं असं नाही, तीही घड्याळं त्यांनी केली. पण खपत होतं ते चावीचं. माणसं, यंत्रं, दुकानदार, सगळी घडी त्याच्याभोवती बसलेली. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तुमच्या साहेबांना ही गोष्ट ऐकवायला जाऊ नका. असली उदाहरणं वरच्या माणसाला ऐकवली की तो फक्त दुखावतो. पण तुमची अस्वस्थता खोटी नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट बघा. दिंडोरी-निफाडचा द्राक्ष बागायतदार बदलाला किती चटकन तयार होतो! पाण्याचा तुटवडा आला तसा तो कमी पाण्यात तगणाऱ्या डॉगरिजच्या खुंटावर गेला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा फटका जबर बसला, पण पुढे फवारणीची वही आणि अंशतपासणी हा बागेच्या कामाचाच भाग झाला. आता गारपिटीच्या भीतीने प्लास्टिकचं आच्छादन घालतायत. हा माणूस कारखान्यातल्या माणसापेक्षा धाडसी आहे म्हणून असं होतं का? मला नाही वाटत. बागेत ठरवणारा, पैसे घालणारा, नुकसान सोसणारा आणि फायदा घेणारा एकच असतो. कारखान्यात हे चौघं चार वेगळ्या खुर्च्यांवर बसतात. शिवाय नवं औषध आलं म्हणून शहाणा बागायतदार पहिल्याच छाटणीला सगळी बाग त्यात घालत नाही. दोन ओळींवर मारून बघतो. शेजारी बांधावर येऊन त्या दोन ओळी बघून जातात आणि मग दुकानदाराकडे औषध मागतात.

तुमच्या प्रस्तावात दोन ओळी कुठे होत्या? तुम्ही सगळी बागच मागितलीत.

तेव्हा १४ लाखांची फाइल तूर्त कपाटात ठेवा आणि एक डाय निवडा. सगळ्यात अवघड नको, जी मामांना सगळ्यात जास्त छळते ती. तिचं सेटिंग सुरू झाल्यापासून पहिला नग पास होईपर्यंत मोबाइलवर चित्रण करा. सेटरला आधी विचारून, आणि “हे तुझ्या चुका काढायला नाही” हे त्याला पटेल अशा शब्दांत सांगून. मग तो, तुम्ही आणि मामा चहा घेत ते एकत्र बघा. मी आत्ताच सांगते काय दिसेल. बोल्टला बसणारा पाना टूलरूममधून आणायला कुणीतरी गेलंय. होइस्ट पलीकडच्या प्रेसवर अडकलाय. डायची उंची वेगळी म्हणून शट हाइट (प्रेस मिटल्यावर उरणारं अंतर) नव्याने जुळवणं चाललंय, पॅकिंगच्या पट्ट्या एक घाल, एक काढ. जुनी डाय काढून झाल्यावर नव्या डायची कॉइल शोधायला सुरुवात झालीय. आणि शेवटी पहिला नग हातात घेऊन सेटर क्वालिटीच्या दारात उभा, इन्स्पेक्टर जेवायला गेलेला. दोन तासांतला प्रत्यक्ष डाय बसवण्याचा वेळ किती, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना दिसेल. आणि मामांना हेही दिसेल की दोष सेटरचा नाही, त्यांचाही नाही.

हे माझ्या पदरचं नाही. १९६९ मध्ये टोयोटाच्या एका हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो या इंजिनिअरने सहा महिन्यांत ते काम दीड तासावर आणलं आणि पुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. त्यांचा मूळ विचार साधा होता: प्रेस थांबल्यावरच करता येतं ते काम कोणतं आणि प्रेस चालू असतानाच उरकून ठेवता येतं ते कोणतं, हे आधी वेगळं काढा. पाने आधी मांडून ठेवणं, पुढची डाय आणि कॉइल प्रेसजवळ आणून ठेवणं, इन्स्पेक्टरला वेळ आधी कळवणं, याला छदाम लागत नाही. डायला खालून कायमची प्लेट लावून उंची सारखी करायला थोडे पैसे लागतात, पण तुमच्याच टूलरूमच्या भंगारातल्या प्लेटा चालतील. झटपट क्लॅम्पची पाळी त्यानंतर. टॅब्लेट तर कुठल्या कुठे राहिला.

सेटरला आणि मामांना सोबत घ्या, हे मी चांगुलपणाचा सल्ला म्हणून सांगत नाही, त्याला जुना आधार आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात हारवूड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. तिथल्या कामाच्या पद्धती बदलताना एक प्रयोग झाला, तो १९४८ मध्ये छापून आला. एका गटाला नुसतं सांगितलं की उद्यापासून काम असं करायचं. दुसऱ्या गटांना अडचण समोर ठेवून नवी पद्धत ठरवण्यात सामील केलं. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के माणसं काम सोडून गेली. सामील केलेल्या गटांनी जुना वेग लवकर गाठला आणि त्याच्याही पुढे गेले. मला यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: पहिल्या गटात जे उरले होते, त्यांनाच काही महिन्यांनी दुसऱ्या कामावर नेताना सामील करून घेतलं, तर तेही चांगलं काम करू लागले. माणसं तीच होती. “यांना शिकायचंच नाही” हे मामांबद्दलचं वाक्य तुम्ही मागे घ्यावं, असं मला वाटतं ते यामुळे.

आता साहेबांपुढे मांडायचं गणित. तुम्ही लिहिलंत, “रोज चार तास प्रेस मोकळी होईल.” मोकळ्या प्रेसला घालायला काम नसेल तर ते चार तास म्हणजे नुसती बंद प्रेस, साहेबांच्या खिशात त्यातून काही पडत नाही. जिथं पडतं ती जागा तुमच्या नजरेतून सुटली. डाय बदलायला दोन तास लागतात म्हणून एकदा लावली की तीन-चार आठवड्यांचा माल काढून ठेवायचा, ही तुमच्याकडची सवय. तो माल शेडमध्ये पेट्यांत पडून असतो. समजा, असा ५० लाखांचा माल पडून आहे. बॅच निम्मी केली तर २५ लाख मोकळे होतात. दहा टक्के व्याज धरलं तरी वर्षाचे अडीच लाख, आणि लिमिट मोकळी होते ती वेगळीच. बॅच निम्मी केल्यावर डाय दिवसातून तीनऐवजी सहा वेळा बदलावी लागेल, खरं. पण चाळीस मिनिटांच्या हिशेबाने सहा वेळचे चार तास होतात. आज तीन वेळचे सहा जातात. तुमच्या अकाउंट्समधून पडून असलेल्या मालाचा खरा आकडा घ्या आणि हे एका कागदावर लिहा. स्लाइड नकोत. पगाराच्या आठवड्यात लिमिट तोंडाशी आलेली असताना ‘२५ लाख मोकळे’ हे शब्द साहेब फोन बाजूला ठेवून ऐकतील. गिऱ्हाइकाला यातलं काही दाखवायची गरज नाही, कारण ही बचत भागाच्या किमतीत नाही, तुमच्या शेडमध्ये आहे. हेही त्यांना स्पष्ट सांगा. त्यांची जी भीती ते बोलत नाहीत, तिला उत्तर मिळेल.

आणि हे साहेबांना सांगायला तुम्ही जाऊ नका, मामांना जाऊ द्या. तुम्ही शेजारी बसा. श्रेय मामांना गेलं तर आत कुठंतरी दुखेल, ते मी नाकारत नाही. त्यावर उपाय एवढाच की स्वतःच्या नोंदी, चित्रण, आधीचे-नंतरचे वेळ नीट जपून ठेवा. पुढे तुमच्या बायोडाटात तेच बोलणार आहेत. धाकट्या साहेबांना मात्र यात ओढू नका. बापलेकांत आधीच काय चाललंय हे बाहेरच्याला कधीच पुरतं कळत नाही, आणि अशा ठिकाणी तुमची कल्पना ‘मुलाच्या बाजूची’ ठरली की संपली.

पैशाचा मुद्दा निघालाच तर केंद्र सरकारची लघुउद्योगांसाठीची लीन (कामातला वायफळ खर्च कमी करण्याची) योजना मार्च २०२३ पासून नव्याने सुरू झालीय. त्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. सध्या त्यात काय बसतं याची चौकशी आयमा किंवा निमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या कार्यालयात करता येईल. पण हे नंतर. आधी अनुदान बघायचं आणि मग त्याला शोभेल असं काम शोधायचं, हा उलटा प्रवास आपल्याकडे फार चालतो.

हे सगळं अंबडपुरतं नाही. पतसंस्थेत, हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर, शाळेच्या ऑफिसात काम करणारेही मला हेच लिहितात, फक्त प्रेसच्या जागी दुसरं काही असतं. तुमची कल्पना फसली तर बोलणी कुणाला बसतील, आणि फळली तर त्याच माणसाला काय मिळेल, हे कागदावर लिहून बघा. दुसऱ्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली तर अडसर तिथं आहे. मालक मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगेन की “बघू” म्हणायला हरकत नाही, पण पुढे तारीख जोडा. तारीख नसलेल्या “बघू”पेक्षा सरळ “नको” ऐकून माणूस कमी दुखावतो, आणि नोकरीही कमी सोडतो.

राहता राहिली चाकणची ऑफर. तुम्हाला पंधरा दिवस आहेत. एका डायचं चित्रण आणि बिनपैशाची सुधारणा एवढ्यात आरामात होते. त्यातून कारखाना बदलणार नाही, पण तुम्हाला इथली खरी खबर लागेल. एका डायवरचा, एक रुपयाही न मागणारा प्रयोगसुद्धा करू दिला नाही, किंवा करून दाखवल्यावर “कुणी सांगितलं होतं?” म्हणून तुम्हालाच झापलं, तर निघा, अपराधी वाटून घेऊ नका. पन्नाशीपर्यंत तिथं राहिलात तर त्यांच्यासारखंच बोलू लागाल. उलट मामा दुसऱ्या दिवशी आपणहून दुसऱ्या डायचं नाव घेऊन आले, तर आणखी वर्षभर थांबण्यात मला तुमचं नुकसान दिसत नाही. जे काम चाकणला दहा सह्या घेऊन करावं लागेल ते इथं तिघांत होईल. मोठ्या कंपन्यांत बदल सहज होतात, हा समज बाहेरून दिसणाऱ्या चकचकीत शेडमुळे झालेला असतो. तिथंही मामा असतात, फक्त त्यांना व्हाइस प्रेसिडेंट म्हणतात.

आणि मुळात तीस टक्क्यांची गरज असेल, हप्ता असेल, घरात काही वाढतं असेल, तर पैशासाठी जा. त्यात कमीपणा नाही. फक्त मग निघताना मॅनेजमेंटवर खापर फोडू नका. पत्नीशी बोलतानाही हे दोन मुद्दे वेगळे ठेवा. शनिवार-रविवार नाशिक-पुणे रस्त्यावर कोण जाणार-येणार, आईवडिलांचं औषधपाणी कोण बघणार, हे ‘मला इथं कुणी ऐकत नाही’ या वाक्याखाली झाकलं जातं आणि सहा महिन्यांनी भांडण होऊन बाहेर पडतं.

चाकणला होकार देण्याआधी तिथल्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या लाइनवर खालच्या माणसाने सुचवलेला शेवटचा बदल कोणता, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं? समोरचा एखाद्या फिक्स्चरचं, एखाद्या सेटरचं नाव घेऊन सांगू लागला तर ती जागा बघण्यासारखी आहे. “आमच्याकडे इनोव्हेशनला खूप वाव आहे” एवढंच ऐकू आलं, तर पगाराचा आकडा आणि घरभाडं एवढीच वजाबाकी करा आणि त्यावर ठरवा.